रोबोट साप सरळ जातो पण वळत नाही, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फायनल इयरच्या चौघांनी मिळून १० सर्व्होंचा (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरींचा) साप बनवलाय, खाली थ्रीडी प्रिंटचं गुळगुळीत प्लॅस्टिक, साइन वेव्ह (सांध्यांना डावी-उजवी झुलवणारी एकसारखी लाट) दिली की पुढे जातो (म्हणजे कधीकधी जातो), पण वळवायला गेलं की एका बाजूला घसरतो नाहीतर जागेवर तडफडतो. पुढचे दोन सर्व्हो त्यांनी 'स्टिअरिंग' म्हणून वेगळे ठेवलेत, डोकं वळवलं की अंग मागोमाग येईल अशी कल्पना. तर प्राणी हे कसं करतात आणि त्यातलं आपल्याला काय उचलता येईल?

मी सतरा-अठरा वर्षं पाइपात, गटारात, भिंतीच्या फटीत शिरणारे रोबोट बनवतोय, आणि अगदी हीच चूक मीही पहिल्या वर्षी केली होती, त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

आधी ते डोक्यातलं स्टिअरिंग काढा. रोबोटच्या डोक्यातलं पण आणि तुमच्या डोक्यातलं पण. आपण सगळे गाडीच्या हिशोबाने विचार करतो, इंजिन ढकलणार, पुढची चाकं दिशा देणार, दोन्ही खाती वेगळी. साप, गांडूळ, गोम यांच्यात ही खाती वेगळी नसतातच. ज्या लाटेने तो पुढे सरकतो तीच लाट जराशी एका बाजूला कलती केली की तो वळतो, त्यासाठी वेगळा अवयव नाही. आणि वळवणारा जोर शेवटी जमिनीकडून येतो, सर्व्हो फक्त कुठे आणि कसं टेकायचं एवढं ठरवतो. जमिनीने जोर परत दिला नाही तर कोड कितीही भारी लिहा, तडफडच होणार. तुमचं दुखणं मला इथेच वाटतंय.

घरात साप शिरलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, अंगणात सुसाट जाणारी धामण गुळगुळीत टाइल्सवर आली की तिची काय अवस्था होते. अंग तेच, ताकद तीच, वळवळ उलट जास्तच, पण पुढे जाणं जवळजवळ बंद. हातपाय नाहीत म्हणून, नाहीतर गाळले असते. अंगणात तिला दगड, गवत, मातीचे उंचवटे मिळतात आणि त्यांना अंगाची बाजू टेकवून ती रेटते. केंब्रिजच्या जेम्स ग्रे यांनी १९४६ साली सापाच्या चालीचं गणित मांडलं ते याच रेटण्यावर. पण मग सपाट जागेवर, जिथे रेटायला काहीच नाही, तिथे साप जातोच ना? त्याचं उत्तर पोटाच्या खवल्यांत आहे. डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मोजून दाखवलं की सापाचं पोट पुढच्या दिशेला सहज घसरतं, मागे घसरायला जास्त जोर लागतो आणि आडवं घसरायला त्याहून जास्त. त्यांनी सापाला चक्क कापडी जॅकेट घातलं, खवल्यांची पकड झाकली गेली, आणि साप बिचारा वळवळत जागेवरच राहिला. तुमचा रोबोट म्हणजे जन्मापासून जॅकेट घातलेला साप आहे.

त्याच कामातली अजून एक बारीक गोष्ट मला फार आवडते, साप अंगाचं वजन सगळीकडे सारखं टाकत नाही. लाटेचे काही भाग किंचित उचलून धरतो आणि जिथे पकड हवी तिथे वजन देतो, बघणाऱ्याला कळतही नाही. हे पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

पहिला खरा चालणारा साप-रोबोट टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्ये केला, एसीएम-३, २० सांधे, साधारण २ मीटर लांब, सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास वेग. प्रत्येक तुकड्याखाली छोटी चाकं होती पण त्यांना मोटर नव्हती. लोक म्हणतात मग काय, चाकांवर तर कोणीही पळवेल. अहो पण ती चाकं पळण्यासाठी नाहीतच, ती आडवं न घसरण्यासाठी आहेत. पुढे मोकळं, बाजूला अडकलेलं, म्हणजे खवल्यांचंच काम. तुम्हीही तेच करा, प्रत्येक तुकड्याखाली एक मोकळ्या चाकांची जोडी, अॅक्सल अंगाला काटकोनात, चाकावर रबरी ओ-रिंग चढवा. चाकं नकोच असतील तर हार्वर्डच्या मंडळींनी २०१८ मध्ये दाखवलेली कागदकामाची युक्ती आहे, प्लॅस्टिक शीटला ठरावीक नक्षीत काप द्यायचे, शीट ताणली की त्या कापांचे खवले उभे राहतात आणि सैल सोडली की परत सपाट. तुमचं अंग ताणलं जात नाही त्यामुळे ते जसंच्या तसं चालणार नाही, पण ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) कापून मागे कललेले खवले चिकटवता येतात, एका रविवारचं काम आहे.

मग मोजा. बॅगा तोलायचा हातातला काटा घ्या, रोबोट बंद ठेवून आधी लांबीच्या दिशेने ओढा आणि मग आडवा ओढा, त्याच फरशीवर. आडवा ओढायला निदान दुप्पट जोर लागला पाहिजे, माझा अनुभव सांगतो की त्याच्या खाली असेल तर कोडला हात लावण्यात अर्थ नाही. कॉलेजात मी जेवढे साप-प्रोजेक्ट बघितले त्यातल्या बहुतेकांनी हे एक मोजमाप केलेलं नसतं आणि महिनाभर साइन वेव्हशी झटत बसतात.

आता वळण. हिरोसेंनी सापाच्या आकाराला सर्पेनॉइड कर्व्ह असं नाव दिलं. इथे एक गफलत सगळेच करतात, अंगाचा आकार साइन नसतो, अंगाची वक्रता साइनसारखी बदलत जाते. रोबोटमध्ये उतरवायचं तर प्रत्येक सांध्याचा कोन साइनने हलतो आणि प्रत्येक मागचा सांधा पुढच्यापेक्षा थोडा उशिरा हलतो, बास. आणि वळायचं असेल तर त्या कोनात एक स्थिर आकडा मिळवायचा, सगळ्या सांध्यांत सारखाच. त्याला आम्ही ऑफसेट म्हणतो, पेपरांमध्ये बहुतेक वेळा गॅमा लिहिलेला असतो. हेच तुमचं स्टिअरिंग, यापेक्षा गूढ काही नाही.

तुमच्याच रोबोटवर हिशोब करू. १० सांधे आहेत, दोन सांध्यांत ३६ अंशांचा फेज फरक ठेवलात (म्हणजे पूर्ण लाट ३६० अंशांची धरली तर मागचा सांधा तेवढा मागे) तर अंगावर बरोबर एक पूर्ण लाट बसते. अँप्लिट्यूड, म्हणजे सांधा मधल्या जागेपासून एका बाजूला किती झुलतो ते, ३५ अंश धरा. ऑफसेट ६ अंश दिला की प्रत्येक सांधा डावीकडे ४१ पर्यंत जाणार आणि उजवीकडे २९ पर्यंतच. एका सांध्यात हा फरक किरकोळ दिसतो पण १० सांध्यांचा मिळून अंगाला सरासरी ६० अंशांचा बाक येतो. तुकडा ८ सेंटिमीटरचा असेल तर त्या बाकाची त्रिज्या साधारण पाऊण मीटर निघते, कागदावर. फरशीवर घसरण धरून ती मोठी होते, आणि किती मोठी होते ते तुमच्या चाकांची आडवी पकड ठरवते, म्हणून मघाशी काट्याचा एवढा आग्रह धरला. आणि हो, अँप्लिट्यूड अधिक ऑफसेट ही बेरीज ब्रॅकेट एकमेकांना जिथे थडकतात त्या कोनाच्या खाली ठेवा, नाहीतर सर्व्हो तिथे कण्हत बसेल आणि गिअर खाईल.

मग नुसतं डोकं वळवून का होत नाही, साप तर डोकं वळवतो आणि अंग मागे येतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण ते 'मागे येणं' म्हणजे काय ते नीट बघा. दिंडी गावाच्या कोपऱ्यावर वळते तेव्हा पुढची रांग कोपऱ्यावर वळते आणि शेवटची रांगही त्याच कोपऱ्यावर येऊन वळते, पुढचे वळले म्हणून मागचे मधेच शेतात शिरत नाहीत. सापाचंही तसंच, डोक्याने जिथे बाक घेतला त्याच जागी मानेने घेतला, मग पोटाने, मग शेपटीने, चांगल्या वाळूवर तर सगळ्या अंगाची मिळून एकच रेघ उमटते. तुमच्या रोबोटमध्ये पुढचे दोन सांधे वळले पण मागचे आठ सरळच ढकलतायत, एका चिमुकल्या डोक्याच्या पकडीवर आठ तुकड्यांना खेचणार कसं, डोकंच घसरतं. उलट बाजूने, सगळ्या सांध्यांना एकाच क्षणी ऑफसेट दिलात तर सगळं अंग एकदम चाबकासारखं वाकतं आणि पकड सुटते, हा दुसरा नमुना. मधला मार्ग म्हणजे ऑफसेट पण लाटेसारखाच डोक्याकडून शेपटीकडे पाठवा. तुमची एक लाट २ सेकंदांची असेल तर ३६ अंशांच्या फरकाने प्रत्येक सांधा ०.२ सेकंद मागे आहे, ऑफसेटही प्रत्येक सांध्याला ०.२ सेकंद उशिरा द्या. कोडमध्ये जुने आकडे साठवणारा एक छोटा बफर, दहा ओळींचं काम.

प्राण्यात हे मेंदू एकेका स्नायूला सांगत बसत नाही. लॅम्प्रे नावाचा बामसारखा लांबडा जलचर आहे, त्याच्या मणक्यातली सर्किटं लाट स्वतःच तयार करतात, मेंदू वरून फक्त डावीकडे किती जोर आणि उजवीकडे किती जोर एवढंच पाठवतो, दोन्हीत फरक पडला की वळण. स्वित्झर्लंडच्या इपीएफएलमध्ये ऑके आयस्पर्ट यांच्या गटाने २००७ मध्ये हीच कल्पना घेऊन सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) रोबोट केला, वरून येणारा सिग्नल वाढवला की चालायचं सोडून पोहायला लागतो, डावा-उजवा असमान केला की वळतो. सेंट्रल पॅटर्न जनरेटर म्हणतात या पद्धतीला आणि व्हायवाला हा शब्द टाकला की समोरचे माना डोलावतात. पण खरं सांगू का, १० सर्व्होंसाठी त्याची गरज नाही. त्याचा मोठा फायदा हा की आकडे अचानक बदलले तरी हालचाल झटका न खाता नव्या लयीत जाते, तेवढ्यासाठी ऑफसेट आणि अँप्लिट्यूडवर साधा लो-पास फिल्टर (आकडा एकदम न बदलता हळूहळू बदलू देणारा) लावा, पुरे.

अजून एक गोष्ट जी पुस्तकात पटकन सापडत नाही. बहुतेक सरपटणाऱ्यांकडे वळायच्या दोन रीती असतात, एक मवाळ आणि एक जहाल. सी. एलेगन्स हा १ मिलिमीटरचा जंत घ्या, अख्ख्या अंगात ३०२ न्यूरॉन, तोसुद्धा वास येईल तिकडे हळूहळू कलत जातो ही मवाळ रीत, आणि फारच चुकलंय असं वाटलं की मागे सरकून डोकं जवळजवळ शेपटीला लावतो, ओमेगा अक्षरासारखा आकार करतो आणि भलत्याच दिशेने निघतो. ऑफसेट ही मवाळ रीत. तिच्याकडून जागच्या जागी यू-टर्नची अपेक्षा धरू नका, ऑफसेट २५-३० अंश केलात तर लाट उरतच नाही, नुसतं वेटोळं होतं.

जहाल रीत बघायची तर साइडवाइंडिंग बघा, आणि त्यासाठी कोकणातल्यांना कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही, आपलं फुरसं हेच करतं. रत्नागिरीकडच्या कातळावर ज्यांनी ते जाताना पाहिलंय त्यांना माहितीये, तोंड एकीकडे आणि प्रवास तिरपा भलतीकडेच. (लांबूनच बघा. भारतातल्या चार मोठ्या विषारी सापांत हे आहे आणि रोबोटसाठी व्हिडिओ काढायला जवळ जाण्याएवढा कुठलाच प्रोजेक्ट मोठा नाही.) या चालीत अंग घासत नाही, एक भाग टेकलेला असतो तेव्हा शेजारचा उचललेला असतो, म्हणजे मघाची वजन टाकायची बारीक गोष्ट इथे पूर्ण रूपात दिसते. रोबोटवाल्यांच्या भाषेत दोन लाटा आहेत, एक आडवी आणि एक उभी, दोघींत पाव चक्राचा फरक. २०१४ मध्ये जॉर्जिया टेक, कार्नेगी मेलन आणि झू अटलांटा यांनी मिळून अमेरिकेतल्या साइडवाइंडर सापाला वाळूच्या उतारावर चढवून पाहिलं, उतार वाढला की साप अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो. कार्नेगी मेलनचा रोबोट तोपर्यंत त्या उतारावर गडबडत होता, त्याला हे शिकवलं आणि तो चढला.

वळणाचं काम २०१५ च्या पुढच्या पेपरमध्ये आहे आणि ते मला सगळ्यात देखणं वाटतं. साप दोन पद्धतींनी वळताना दिसले. एकात आडव्या लाटेचं अँप्लिट्यूड डोक्याकडे आणि शेपटीकडे वेगवेगळं ठेवायचं, मग एक टोक जास्त अंतर कापतं, दुसरं कमी, आणि साप मवाळपणे गोल फिरतो. दुसऱ्यात उभी लाट अर्ध्या चक्राने पुढे-मागे करायची, म्हणजे जे भाग टेकलेले होते ते उचलले आणि उचललेले होते ते टेकले, झालं, अंग तसंच पडलेलं पण प्रवासाची दिशा एकदम बदलली. अंग न वळवता वळणं! रोबोटला हेच दोन नॉब दिले तर तोही तसाच वळला. तुमच्या रोबोटमध्ये मात्र सगळे सांधे आडवेच आहेत, त्यामुळे हे जमणार नाही, एक आडवा एक उभा असे लावावे लागतील आणि मग १० चे ५-५ होतात, फार कमी. कार्नेगी मेलनवाले १६ वापरतात. पुढच्या बॅचला सांगा.

पायवाल्यांबद्दल थोडक्यात, कारण तुमचा प्रश्न सापाचा आहे. झुरळ पळता पळता वळतं तेव्हा पायांची लय मोडत नाही, पाय कुठे टेकायचा आणि बाजूला किती रेटायचं यात थोडासा फरक करतं, बर्कलीच्या रॉबर्ट फुल यांच्या लॅबने १९९९ मध्ये हे जोर मोजून दाखवलं. म्हणजे परत तेच, जी चाल आहे तीच जराशी असमान. गोमेची गंमत वेगळी आहे, ओसाका युनिव्हर्सिटीच्या गटाने २०२३ मध्ये १२ पायांचा रोबोट दाखवला, त्यात ते वळण वेगळं देतच नाहीत, अंगाचे सांधे किती ताठ नि किती लवचिक एवढंच मोटरने बदलतात. सांधे पुरेसे सैल केले की सरळ चालणं आपोआप अस्थिर होतं आणि रोबोट बाक घेऊन चालायला लागतो, ताठ केले की परत सरळ. आम्ही आयुष्यभर अस्थिरता घालवायच्या मागे, आणि हे तिच्यावर गाडी चालवतात.

गांडूळ मात्र माझं स्वतःचं क्षेत्र आहे म्हणून त्याचा किस्सा सांगतोच. गांडूळ आडवी लाट वापरत नाही, फुगणं-लांबणं अशी लाट अंगातून पाठवतं, फुगलेला भाग बिळाच्या भिंतीला रुततो आणि बारीक केस त्याला धरून ठेवतात. वळताना एका बाजूचे लांबीचे स्नायू जास्त आखडतात, बास. २०१२ मध्ये एमआयटी, हार्वर्ड आणि सोलच्या लोकांनी मेशवर्म म्हणून जो जाळीचा रोबोट केला त्यातही लांबीच्या दिशेने दोन्ही बाजूंना निकेल-टायटॅनियमच्या तारा होत्या, एक तापवली की ती बाजू आखडते आणि अंग तिकडे वळतं. (त्याला हातोडीने ठोकलं तरी चालायचा.)

तर एका कारखान्याच्या पाइपात आम्ही आमचा साप पाठवला होता, साप, गांडूळ नव्हे, आणि हीच चूक होती. बेंचवर ऑफसेटने झकास वळायचा. पाइपात पहिल्या कोपराशी पोचला, मी मोठ्या ऐटीत ऑफसेट दिला आणि तो दोन्ही भिंतींत असा पाचरीसारखा बसला की पुढे नाही मागे नाही. कारण पाइपात वळण कुठे घ्यायचं ते भिंत ठरवते, सगळ्या अंगाला बाक द्यायचा नसतो, कोपराच्या आत जेवढा भाग आहे तेवढ्यालाच द्यायचा आणि तो भाग पुढे सरकेल तसा बाक मागे पाठवायचा. दिंडीचा नियम, जो मला तेव्हा कळला नव्हता. वर मागची केबल. दर ९० अंशांच्या कोपराला केबलचा ताण घर्षणामुळे गुणाकाराने वाढतो, घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका कोपराला साधारण १.६ पट, तीन कोपरांना चौपट. सापाला मागे पॉवर केबल नसते, हे पेपर वाचताना आपण विसरतो. चार तास लागले काढायला, आणि पुढचं मशीन आम्ही गांडुळासारखं केलं.

शेवटचं, दिशा मोजायची कशी. तुम्ही रोबोटच्या डोक्यात एमपीयू ६०५० (वळणं मोजणारा सेन्सर) बसवला असेल तर त्याचं रीडिंग प्रत्येक लाटेबरोबर डावीउजवीकडे झुलणार, आणि ते थेट पीआयडीला (चूक बघून दुरुस्ती करणाऱ्या कंट्रोलरला) दिलंत तर कंट्रोलर लाटेशीच भांडत बसेल. डोक्याची दिशा म्हणजे सापाची दिशा नव्हे. एका पूर्ण लाटेची सरासरी घ्या, नाहीतर सगळ्या सांध्यांचे कोन वापरून अख्ख्या अंगाचा मधला अक्ष काढा, कार्नेगी मेलनवाल्यांनी याला व्हर्च्युअल चॅसिस असं नाव दिलंय, गणित फार अवघड नाही. ती दिशा आणि हवी असलेली दिशा यातला फरक गुणिले एक छोटा आकडा म्हणजे तुमचा ऑफसेट, त्याला १०-१२ अंशांची कमाल मर्यादा लावून टाका.

आणि वळताना अचानक रिसेट होत असेल तर ते स्टिअरिंग नाही, पॉवर आहे. एमजी ९९६ आर सर्व्हो अडकला की एकटा अडीच अँपिअरपर्यंत ओढतो, वळणात तीन-चार एकदम अडकले तर आर्डुइनो बोर्डाचा ५ व्होल्ट काय करणार. सर्व्होंना वेगळी बॅटरी, ग्राउंड मात्र एकत्र. चाकं लावली, काट्यावर दुप्पट दिसलं, की ऑफसेट ४ अंशांवरून सुरू करा आणि वरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. फरशीवर आधी थोडी रांगोळी नाहीतर पिठी भुरभुरा म्हणजे मागे उमटलेली रेघ दिसेल. एकच बारीक रेघ असेल तर ऑफसेट वाढवत जा, फराटा दिसला तर परत चाकांकडे.